ग्रॅमवर मजुरी लावू नका: चांदीचं हातकाम सुरू करणाऱ्या ताईंसाठी

पलूसच्या एका ताईंनी विचारलंय. पुण्यात तीन महिन्यांचा दागिने घडवायचा कोर्स केला, सध्या पतसंस्थेत नोकरी आहे, साठ हजार रुपये बाजूला टाकलेत आणि घरच्या माडीवर चांदीचं काम सुरू केलंय. आठ-दहा वस्तू झाल्या. बायका हातात घेऊन कौतुक करतात, पण दर सांगितला की म्हणतात, "सराफाकडं तर ग्रॅमला एवढीच मजुरी घेतात." म्हणून त्यांना चार गोष्टी कळायला हव्यात: ग्रॅमला मजुरी किती लावू, सगळं हातानंच करू की साच्यात ओतून म्हणजे कास्टिंग करून घेऊ, लोक मोबाइलवरचा फोटो दाखवून "अस्संच करा" म्हणतात तेव्हा काय करू, आणि नोकरी सोडू का.

ताई, मी सांगलीत गावभागात बसतो. मिरजेत मामाच्या हाताखाली शिकलो, स्वतःचं सुरू करून सव्वीस वर्षं झाली. दुकान नाही, एक खोली आहे आणि खिडकीपाशी पाट. तुमच्या प्रश्नांची उत्तरं मी माझ्या पाटावरून देतोय. तुमच्या घरात तुमच्या पगारावर किती माणसं अवलंबून आहेत, माडीवर गॅस आणि ठोकाठोक चालते का, दिवसाला सलग किती तास मिळतात, यावर बरंच ठरेल. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणासाठीही बदलत नाही, म्हणून तिथंच जास्त थांबतो.

तुम्ही विचारलंय, ग्रॅमला किती लावू. माझं म्हणणं, ग्रॅमवर लावूच नका. तुमची अडचण दर जास्त असण्याची नाहीये. तुम्ही काम एका मापानं करताय आणि विकताय दुसऱ्या मापानं, तिथं सगळं अडलंय. ग्रॅमवर मजुरी ही पद्धत पेढीसाठी बरोबर आहे. तिथं शंभर जोड पैंजण एका साच्याचे येतात, यंत्रावर साखळी विणली जाते, चांदीकामाच्या हुपरीसारख्या गावात घराघरांत काम वाटलेलं असतं: एक जण तार ओढतो, दुसरा कड्या करतो, तिसरा डाख लावतो, म्हणजे वितळणाऱ्या धातूनं सांधे जोडतो, चौथा उजळा देतो. हुपरीच्या कारागिरांचा हात इतका बसलेला असतो की त्या वेगाची बरोबरी तुम्ही-मी जन्मात करणार नाही, आणि करायचीही गरज नाही. मिरजेत तंबोरा करणाऱ्यांकडं कधी जाऊन बसा. भोपळा किती किलोचा आणि लाकूड किती वजनाचं, यावर कुणी तंबोऱ्याची किंमत करत नाही. जवारी लावायला जो कान लागतो त्याचे पैसे असतात. आपल्या धंद्यात धातू महाग असल्यामुळं तो हिशोबात पुढं येतो आणि काम त्याच्यामागं झाकलं जातं.

आता आकड्यात बोलू. चांदीचा भाव रोज हलतो, म्हणून सोप्या हिशोबासाठी ग्रॅमला २०० रुपये धरतो. तुम्ही त्या दिवशीचा भाव घाला. नाजूक झुब्यांचा एक जोड, वजन ९ ग्रॅम, करायला साडेपाच तास. ग्रॅमला ३० रुपये मजुरी लावली तर तुम्हाला मिळाले २७० रुपये, म्हणजे तासाला ५० रुपयेही नाहीत. आता ६० ग्रॅमचे जाडजूड तोडे घ्या, सहा तासांत होतात. त्याच दरानं मजुरी १,८०० रुपये, तासाला ३००. म्हणजे काम जितकं नाजूक, जितकं अवघड, तितकी कमाई कमी. या हिशोबानं चालणारा कारागीर दोन-तीन वर्षांत आपोआप जाड आणि सोप्या वस्तूंकडं वळतो. मी स्वतः पहिली चार वर्षं असाच वळलो होतो, आणि हातातलं बारीक काम जाता जाता वाचलं.

मग तासाचा दर काढायचा कसा? महिन्याला घरात किती द्यायचेत ते लिहा. समजा १८,००० रुपये. गॅस, वीज, करवतीची पाती, कानशी, येण्या-जाण्याचं भाडं मिळून ४,०००. हत्यारांची झीज आणि नवं हत्यार घेण्यासाठी ३,०००. झाले २५,०००. आता पाटावर बसण्याचे तास खरे खरे मोजा. महिन्याचे २५ दिवस आणि दिवसाचे पाचच तास धरा, कारण उरलेला वेळ बाजारात जाणं, फोनवर बोलणं, फोटो काढणं, डबी भरणं यातच जातो. १२५ तास झाले. म्हणजे तासाला २०० रुपये. मग झुब्यांची किंमत अशी: चांदीचे १,८००, कानस-करवतीत जाणारी घट अर्धा ग्रॅम म्हणजे १००, तुमच्या वेळेचे १,१००, डाख आणि डबी मिळून १००. एकूण ३,१००. पेढीवर तेवढ्याच वजनाचे झुबे २,०७० ला मिळतील. हा हजाराचा फरक लपवू नका. तो गिऱ्हाइकाला सांगता आला पाहिजे.

मी तो पावतीवर वेगळा लिहितो. एका ओळीत चांदी, वजन आणि त्या दिवशीचा भाव. दुसऱ्या ओळीत घडणावळ, एकरकमी. 'मजुरी' शब्द मी लिहीत नाही. आपल्या आज्या 'घडणावळ' म्हणायच्या आणि त्या शब्दात घडवणं आहे. बाईंना सांगतो, "चांदीचे पैसे तुमचेच आहेत, उद्या मोडायला आणलंत तर त्या दिवशीच्या भावानं परत देईन. घडणावळ माझी." हे ऐकल्यावर दहातल्या सहा जणी निघून जातात. उरलेल्या चौघी मात्र पुढची पंधरा वर्षं येतात, आपल्या सुनांना घेऊन येतात. पहिल्या वर्षी ते निघून जाणं फार लागतं मनाला, तेवढी तयारी ठेवा.

दुसरा प्रश्न, हात की कास्टिंग. कास्टिंग वाईट नाही. एकसारखे चाळीस मणी किंवा फासा हवा असेल तर तो ओतून घ्यावा, साखळीही तयार घ्यावी. साखळी स्वतः एकदा विणून बघा, म्हणजे तुटल्यावर जोडता येईल. रोज विणत बसू नका. फक्त ओतलेल्या वस्तूला 'हातकाम' म्हणू नका. जे हातानं केलंय ते हातानं, जे आणलंय ते आणलेलं, असं सरळ सांगा. पण पहिलं वर्षभर मुख्य वस्तू हातानंच करा, असा माझा आग्रह आहे. त्याचं कारण सांगतो.

तीन महिन्यांच्या कोर्सात डाख लावायला शिकवतात, पण आच वाचायला वेळ मिळत नाही. चांदी उष्णता फार पटकन पसरवते, सगळ्या धातूंत पहिला नंबर तिचा. नवखा माणूस ज्योत थेट सांध्यावर धरतो. सांध्यावर टाकलेली उष्णता तिथं थांबतच नाही, सगळ्या दागिन्यात पळते. मग डाखाचा तुकडा गोळा होऊन बसतो आणि वाहत नाही. माणूस घाबरून ज्योत आणखी जवळ नेतो, तेवढ्यात कडेची बारीक तार वितळून थेंब होते. चोख चांदी सुमारे ९६२ अंशांना वितळते, ९२५ ची, म्हणजे थोडं तांबं मिसळलेली चांदी मात्र ८०० च्या आसपासच मऊ पडायला लागते, आणि कडक डाख त्याच्या जेमतेम पन्नास-साठ अंश खाली वाहतो. तेवढ्याच फटीत आपलं काम असतं.

म्हणून ज्योत आधी लांबून सगळ्या दागिन्यावर फिरवायची. डाख नीट वाहावा म्हणून सांध्यावर लावलेलं टाकणखाराचं पाणी आधी पांढरं फेसाळतं, फुगतं, डाखाचा तुकडा हलतो. चिमट्यानं तो हळूच जागेवर आणायचा. मग टाकणखार बसतो आणि काचेसारखा पारदर्शक होतो. आता सगळी वस्तू अंधुक लाल दिसायला लागेल, ती दिसावी म्हणून मी त्या वेळी खिडकीचा पडदा ओढतो. या घडीला ज्योत सांध्याच्या पलीकडच्या बाजूला न्यायची, कारण डाख उष्णतेच्या दिशेनं धावतो. एकदम एक चमकती रेघ सांध्यातून पळताना दिसते, पाऱ्यासारखी. दिसली की ज्योत बाजूला. अर्धा सेकंद जास्त थांबलात तर गेलं. हे पुस्तकात वाचून येत नाही, आणि ओतलेली वस्तू नुसती घासून विकली तर कधीच येत नाही. मामाच्या वेळी बागेसरी, म्हणजे सोनाराची छोटी शेगडी होती आणि फुंकणी. ते गालांनी जी आच सांभाळायचे ती मला गॅसच्या बटणावर यायला सहा वर्षं लागली.

आता 'डिझाइन' या शब्दाकडं येतो. तुम्ही पाठवलेल्या यादीत झुबे आहेत, अंगठ्या आहेत, बांगडी, नथ, पेंडंट, अंबाड्याचा आकडा. सगळ्या वेगवेगळ्या जातीच्या. यातून हात बसत नाही. एक वस्तू धरा आणि ती वीस वेळा करा. तुमच्या जागी मी असतो तर जोडवी धरली असती. चांदी कमी लागते, आपल्याकडं लग्न झालेल्या जवळजवळ प्रत्येक बाईला लागतात, आणि ती घडवताना दागिना शरीराशी कसा वागतो हे जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशात कळत नाही.

माझी गोष्ट सांगतो. सुरुवातीला मी जोडव्यांवर छान पानांचं नक्षीकाम काढलं होतं, उठावदार, खोल. मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींनी जोड नेला. पंधरा दिवसांनी आल्या तर दोन्ही जोडव्यांना लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. पानाचं टोक शेजारच्या बोटाला घासून कातडं निघालं होतं, नक्षीच्या खाचांत चिखल वाळून बसला होता. मावशींनी तक्रार केली नाही. एवढंच म्हणाल्या, "लई देखणी हायती, पन पाय म्हनतोय नको." त्या दिवशी मी ती जोडवी उजेडात धरून तासभर बघत बसलो. समोरून ती खरोखर देखणी होती. मी फक्त समोरूनच बघितली होती.

तेव्हापासून मी वस्तू उलट्या बाजूनं काढायला लागतो. जोडव्याची मागची फट किती ठेवायची? चालताना बोट पसरतं, संध्याकाळी पाय सुजतो, म्हणून माप सकाळी घेतलं तर थोडं सैल धरावं लागतं. फटीची दोन्ही टोकं गोल घासून बोटानं चाचपायची, डोळ्यानं नाही. तार आतून अगदी सपाट केली तर तिच्या दोन्ही कडा बोटात रुततात. आतूनही किंचित फुगीर ठेवली की दिवसभर घालता येते. शेजारच्या बोटांकडं जाणाऱ्या बाजू गुळगुळीत, नक्षी फक्त वर. साडीचा काठ ज्यात अडकेल असा एकही कोपरा नको. एवढं सगळं सांभाळून जी जागा उरते, सात-आठ मिलिमीटरची, तिथं तुमचं डिझाइन. ती जागा छोटी आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मी वीस वर्षं त्याच जागेत काहीतरी नवीन करतोय आणि अजून ती भरलेली नाही.

फोटोचा प्रश्न याला लागूनच आहे. बाईंनी मोबाइल पुढं केला की मी फोटो नीट बघतो आणि मग फोन उपडा ठेवायला सांगतो. विचारतो, "वहिनी, यातलं नेमकं काय आवडलं?" बऱ्याचदा उत्तर येतं, "हे खाली हलतंय ना, ते." म्हणजे त्यांना तो दागिना नको असतो, ते हलणं हवं असतं. मग पुढचे प्रश्न: रोज घालणार की कार्यापुरतं? केस मोकळे की अंबाडा? कानाचं भोक ओघळलंय का? भोक ओघळलेल्या कानात दहा ग्रॅमचं एकेक कानातलं घातलं तर वर्षभरात पाळी फाटायला येईल, तिथं वेल लावून भार केसांवर घ्यावा लागतो. फोटोत वजन दिसत नाही, मागची बाजू दिसत नाही, आकडा दिसत नाही.

एवढं बोलणं झालं की कागदावर मूळ मापात काढतो आणि आधी तांब्याच्या पत्र्यात नमुना कापून देतो. "दोन दिवस घालून बघा." तांब्याचा पत्रा स्वस्त असतो आणि हात त्याच्यावर चांदीसारखाच चालतो. नमुना परत येतो तेव्हा त्या स्वतःच सांगतात, इथं टोचतंय, हे जरा आखूड करा. या सगळ्यातून जी वस्तू होते ती फोटोतली राहत नाही आणि भावाची तुलना तिथंच संपते, कारण ती दुसरीकडं मिळतच नाही.

कुणाचं काय उचलावं याबद्दल माझा नियम कडक आहे. ठुशी, बोरमाळ, चिंचपेटी, मासोळी, एकवीस पानांचा कोल्हापुरी साज, हे आपल्या सगळ्यांचं आहे. ते शिका, करा, त्यात भर घाला. पण आज हयात असलेल्या एखाद्या कारागिरानं स्वतःच्या डोक्यातून काढलेली वस्तू जशीच्या तशी करून द्यायची नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. मी ते नाव सांगून त्याच्याकडं पाठवतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिल्या सहा महिन्यांत हे तुमच्या दारात येणारच: "माझी जुनी चांदी घ्या आणि यातूनच करा." इथं सावध राहा. सुमारे वीस वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एक आजी नातीच्या लग्नासाठी आपले लहानपणीचे वाळे घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांनी खरसुंडीच्या यात्रेत घेतलेले. मी वजन केलं आणि तसेच मुशीत टाकले. कांब ओतली, ठोकायला घेतली, तर कडा खारी बिस्किटासारख्या तुटायला लागल्या. कधीतरी कुणीतरी ते वाळे कथिल-शिशाच्या डाखानं सांधले होते. शिसं आणि कथिल चांदीत मिसळलं की ती ठिसूळ होते, नंतर कितीही तापवा. सगळा माल गलाईला, म्हणजे गाळून शुद्ध करायला द्यावा लागला. वजनात आलेली तूट मी पदरची चांदी घालून भरली, नातीचे पैंजण वेळेत दिले. पण आजींनी पैंजण हातात घेऊन विचारलं, "यातलं माझं कुठलं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता मी आधी भिंगानं बघतो, करडा मऊ डाख दिसला तर तो भाग कापून वेगळा करतो. पोकळ दागिन्यात लाख भरलेली असू शकते, तिचं वजन चांदीत धरलं जाऊ नये म्हणून तेही गिऱ्हाइकासमोर सांगतो. वजन त्यांच्यासमोर, कस त्यांच्यासमोर, वहीत नोंद आणि सही. आणि ज्या वस्तूत कुणाची आठवण आहे ती मोडायची की नाही हे दोनदा विचारतो. पुष्कळदा वाळ्याचा एक तुकडा तसाच ठेवून त्याचं लोलक करता येतं. वही मात्र पाण्यापासून जपा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागात पाणी शिरलं तेव्हा लोकांची चांदी मी वर हलवली आणि वही खालीच विसरलो. पान न् पान चिकटून गेलं. लोक चांगले, कुणी वजनावरून शब्द काढला नाही, पण तेव्हापासून रोज संध्याकाळी पानाचा फोटो काढून ठेवतो.

कसाबद्दल थोडक्यात. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. स्वतः मिसळणार असाल तर १०० ग्रॅम चोख चांदीत ८.१ ग्रॅम तांबं बसतं. तेवढंच, जास्त नाही. सोन्याला २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचा झाला, चांदीला तो ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवरही एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकासह हॉलमार्क मिळतो. त्यासाठी बीआयएसकडं (भारतीय मानक ब्यूरोकडं) नोंदणी करावी लागते. ती होईपर्यंत पावतीवर कस लिहून द्या आणि तो शंभर टक्के खरा ठेवा.

तुमच्या भागापुरती एक खास गोष्ट. पलूस-तासगावकडच्या बायका येऊन म्हणतील, "चांदी काळी पडली, भेसळ आहे." द्राक्षावर भुरी रोगासाठी गंधक मारतात ना, चांदीचं आणि गंधकाचं वैर आहे. बागेत फवारणी झाली आणि पैंजण पायात असले की ते काळवंडणारच, कितीही चोख असले तरी. हे विकतानाच सांगा, नंतर सांगितलं तर सबब वाटते. घरी उजळायचं तर भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर दागिना, खायचा सोडा आणि कडकडीत पाणी. काळं आपोआप उतरतं. मात्र मोती किंवा लाखेचं काम असेल, अथवा मुद्दाम काळपट ठेवलेली नक्षी असेल तर हा प्रयोग करायचा नाही.

माडीवर घरात काम करताय म्हणून दोन गोष्टी आग्रहानं. बाजारात काही डाखांत कॅडमियम असतं. ते छान वाहतं, म्हणून वापरतात, पण त्याचा धूर फुप्फुस आणि मूत्रपिंड खातो. चांदी, तांबं आणि जस्त यांचाच डाख मागा, ठणकावून विचारा. आणि दागिना तापवल्यावर साफ करायला तेजाब घरात आणूच नका. तुरटीचं किंवा लिंबूफुलाचं गरम पाणी तेच काम करतं, थोडा वेळ जास्त घेतं एवढंच. घरात लेकरं असतील तर तो वेळ द्यावा.

कीस फेकू नका. पाटाखाली चामडं किंवा जाड कापड बांधा, चांदीचा कीस वेगळ्या डबीत, त्यावरून लोहचुंबक फिरवून करवतीच्या पात्याचं लोखंड काढून टाका. खोलीचा केरसुद्धा जपा. पूर्वी झारेकरी येऊन सोनारांच्या दारातली धूळ विकत न्यायचे, ते उगीच नाही. आपल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातली माणसं देशातल्या कुठल्या कुठल्या शहरांत गलाईचा धंदा करतात. तुमच्या ओळखीत एखादं घर नक्की निघेल. वर्षाचा कीस त्यांच्याकडं दिलात तर एका चांगल्या हत्याराचे पैसे सहज सुटतात.

इथवरचं दोन वाक्यांत सांगायचं तर: धातू भावानं, काम तासानं, आणि दोन्ही पावतीवर वेगळं. एक वस्तू धरून तीच वीस वेळा, उलट्या बाजूकडून.

राहिला नोकरीचा प्रश्न. तुमच्यावर घर चालत असेल तर आत्ता सोडू नका. साठ हजारांतले पंचवीस हजार हत्यारांत आणि पंधरा हजार चांदीत घाला, बाकीच्याला हात लावू नका. रोलिंगचं मशीन लगेच नको. सांगली-मिरजेत पत्रा आणि तार ओढून मिळते. पैसे चांगली करवत, दोन उत्तम कानशी, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा काटा आणि भरपूर उजेड यावर घालवा. संध्याकाळी दोन तास आणि रविवार, एवढंच धरा.

आणि धंदा जमतोय की नाही हे लग्नसराईत ठरवू नका. २०२३ च्या अधिक श्रावणात जावयांना वाण द्यायला लोकांनी इतकी चांदी नेली की माझ्याकडं शिकणाऱ्या एका मुलानं महिनाभरात स्वतंत्र व्हायचं ठरवलं. पुढच्या पौषात तो परत आला, आणि मी त्याला आनंदानं पुन्हा बसवलं, कारण हात चांगला होता, फक्त वर्ष बघितलेलं नव्हतं. तुम्ही एक आषाढ आणि एक पौष नोकरी धरून काढा. वहीत तीन रकाने आखा: वस्तू, लागलेले तास, मिळालेली घडणावळ. त्या दोन्ही कोरड्या महिन्यांत तासाचे २०० रुपये सुटले, तेही ओळखीच्या बायकांना सोडून बाहेरच्यांकडून, तर पतसंस्थेत राजीनामा द्या. नाही सुटले तर पाट आवरू नका, वही घेऊन सांगलीला या. दुपारी तीननंतर मी पाटावरच असतो. येताना विसावं जोडवं घेऊन या, पहिलंही आणा, दोन्ही शेजारी ठेवून बघू.